शेजारणीची दृष्ट

आधीच सांगते, मी अमावस्येला केस धुणारी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच दोन शिव्या घालून पुढं जाते. या पानावरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा औरंगाबादला मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. समोरासमोर पत्र्याच्या खोल्या, मध्ये अंगण, अंगणात सगळ्यांचा एक नळ. माझे मिस्टर सिल्लोडकडचे, कंपनीत कंत्राटी कामगार. मला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात कंपनीनं त्यांना ब्रेक दिला. रोज सकाळी ते नाक्यावर काम शोधायला जायचे आणि रोज मला तेच सांगायचे, "लई इचार नको करू. व्हईल काहीतरी."

समोरच्या खोलीत शबाना. तिला माझ्यानंतर आठच दिवसांनी मुलगा झाला. तिचं माहेर शहागंजचं, घरचं कपड्यांचं दुकान. पाळणा आला, मच्छरदाणी आली, पावडरच्या दुधाचे डबे आले, मोती लावलेली पिवळी कुंची आली. माझी पोर मात्र माझ्याच जुन्या साडीच्या लंगोटात. मला पोटभर खायला नव्हतं, मग दूध कुठून येणार? पोर रडायची, मी साखरेचं पाणी चमच्यानं पाजायची.

खरं सांगू? मी जळत होते. सगळ्यात जास्त जळायचे वासावर. शबाना बाळाला घेऊन नळावर आली की पावडरचा तो गोड वास अंगणभर व्हायचा, आणि माझ्या पोरीला आंबलेल्या दुधाचा वास. पोरीकडं बघितलं की माया यायची नाही, राग यायचा. वेणी नाही, आंघोळ नाही, नुसती भिंतीला टेकून बसायची. आता डॉक्टर याला नाव देतात, गोळ्या देतात. तेव्हा फक्त शबानाची सासू, खाला, म्हणायची, "लड़की का दिल बैठ गया."

एका सकाळी मी दारात उभी होते. शबाना बाळाला तेल लावत होती, हसत होती. माझ्या मनात आलं — याला काहीतरी होऊ दे, म्हणजे हिला कळेल.

त्याच दिवशी दुपारपासून ते पोर दूध घेईना. डॉक्टरला दाखवून आणलं, त्यांना काही सापडलं नाही. संध्याकाळी, अजून उजेड होता, खाला माझ्या दारात. "सुनीता, जरा आ बेटा. बच्चे की नजर उतार दे."

"मी? तुम्हीच काढा ना खाला."

"नै. तेरे हाथ से उतारना है."

मी पोरीला चटईवर ठेवलं, दार लोटलं आणि गेले. खालानं माझ्या मुठीत मीठ, मोहऱ्या, सात सुक्या मिरच्या दिल्या. बाळावरून ओवाळताना मी आईकडून शिकलेलं म्हणायला लागले — आल्यागेल्याची, भुताखेताची, पाहुण्यारावळ्याची… आणि "शेजारणीची" म्हणताना अडखळले. कसंबसं म्हटलं आणि मूठ शेगडीत टाकली.

दृष्ट नसेल तर मिरचीच्या धुरानं घरभर ठसका लागतो. असेल तर वाससुद्धा येत नाही, असं म्हणतात. मिरच्या काळ्या पडल्या, कोळसा झाल्या. खालाला ठसका नाही, शबानाला नाही, मला नाही.

तेवढ्यात माझ्या खोलीतून पोरीचा ठसका ऐकू आला.

धावत गेले. दार उघडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी… खोली मिरचीच्या खाटानं भरलेली. माझा स्टोव्ह गार होता. घरात आठवडाभर मिरची नव्हती. मधल्या अंगणात नळावर दोघी भांडी घासत होत्या, त्यांना काही नाही. पोर लालबुंद, श्वास घेईना. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि बाहेर पळाले. "माझी बाई, माझी बाई" असं ओरडत होते म्हणे. त्याआधी मी तिला कधी 'माझी' म्हटलं नव्हतं.

शबाना माझ्यामागं आत आली होती, तीही खोकत बाहेर आली. पोरीचे डोळे तिनं आपल्या ओढणीनं पुसले. मी म्हटलं, "शबाना, तुझ्या बाळाला माझीच नजर लागली गं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "माहितेय. म्हणून तर अम्मीनं तुला बोलावलं. जिसकी लगती, उसीच कू उतारनी पडती."

तासाभरात तिचं पोर दूध प्यायला लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर पावडरच्या दुधाचा बंद डबा. उपकार वाटले असतील असं तुम्हाला वाटतं? नाही. ती देऊ शकते म्हणून मी आणखीच जळले. पण डबा घेतला. पोरीला पाजला.

वाऱ्यानं धूर आला असेल, हे मी स्वतःला हजारदा सांगून बघितलंय. मग वाऱ्यानं अंगणातल्या दोघी बरोबर वगळल्या का?

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. ती माझी पोर गेल्या महिन्यात बाळंतीण झाली. बीड बायपासला फ्लॅट, रोज दाराशी बाळाच्या वस्तूंचे खोके. वस्तूंचं मला काही वाटलं नाही. पण परवा दुपारी ती बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याकडं नुसती बघत होती. पहिल्या दिवसापासून ती तशीच बघते, कुणी शिकवावं लागलं नाही. आणि माझ्या छातीत तीच जुनी आग. हिला हे फुकट मिळालं. मला का नाही?

"आई, मिरची जळतेय का गं कुठं?" लेक खोकायला लागली. मलाही ठसका. गॅस बंद होता, खिडक्या बंद होत्या. बाळ मात्र शांत, डोळे उघडे.

"त्याची दृष्ट काढ ना," लेक म्हणाली. "शेजारच्या काकू सारख्या बघून जातात."

मी मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेतल्या. या वेळी "शेजारणीची" सहज म्हटलं. पुढं "आजीची" म्हणताना अडखळले.

लेक हसली. "आजीची कशी लागेल गं?"

तवा तापला होता. मिरच्या टाकल्या, त्या काळ्या होईपर्यंत दोघी उभ्या राहिलो.

वास आला नाही.