आर्डिसचं दुखणं, दहापैकी दोन

अर्धे बटाटे सोलून झाले होते आणि उरलेलं अर्धं पोतं चाकांच्या खुर्चीत ऐसपैस बसलं होतं. खुर्ची जिच्यासाठी आणली ती आर्डिस क्वामे सिंकला टेकून उभी होती. मी दारातून काही बोलायच्या आत म्हणाली, “आत्ताच उठले.” सालांचा ढीग तसं म्हणत नव्हता.

आमच्या चर्चच्या नोव्हेंबरातल्या जेवणाला बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे लेफ्सा, एकोणीस वर्षं आर्डिसच लाटते. डोलोरिसने किंवा दुसऱ्या कोणी लाटलेल्या जाड होतात, असं ती कधीच म्हणत नाही. नुसती उजेडासमोर धरून बघते.

जूनमध्ये तिच्या डाव्या कमरेच्या हाडातला कॅन्सर काढला. हाडाचा मोठा तुकडाच गेला. मग डॉक्टरांनी तिच्याच पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढलं, दुमडून त्या खिंडारात बसवलं आणि रक्तवाहिनी तिथल्या रक्तवाहिनीला जोडली, म्हणजे हाड जिवंत राहावं. आर्डिसने चर्चमध्ये एवढंच सांगितलं की पडदा आखूड पडला, म्हणून खालची दुमड उसवून वर लावली. हाड सांधेपर्यंत डाव्या पायावर भार द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. ते मोडलं तर पुन्हा सगळी चिरफाड, आणि पुढे चालता येईल याची खात्री नाही.

पण आमच्याकडे, इथे उत्तरेत, दुखतं म्हणायची पद्धत नाही. तिच्या नवऱ्याचं, व्हर्लिनचं, बोट धान्याच्या यंत्रात गेलं तेव्हा तो म्हणाला होता की जरा चिमटा बसला. इस्पितळात एक ते दहात आकडा विचारतात, आर्डिस दर वेळी दोन सांगते. तीन म्हणजे तिला मिरवणं वाटतं, आणि दहा तर वधस्तंभावरच्या प्रभूसाठी राखून ठेवलेला. मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

ऑक्टोबरच्या तपासणीला मीच गाडी चालवली, कारण व्हर्लिन बीटकाढणीत होता. डॉक्टर ऑर्टेगा टेक्सासकडच्या, तिकडे लोक दुखलं की ओरडतात. त्यांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेनाचं टोक एका जागी ठेवलं. बसवलेल्या हाडाच्या टोकाशी केसाएवढी चीर होती. एवढ्यावर दोन हा आकडा बसत नाही, म्हणाल्या. उभ्या राहता का, असं विचारलं. आर्डिस म्हणाली, फारशी नाही.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. मनात प्रभूचं नाव घेतलं आणि बोलून टाकलं.

“ती उभ्याने बटाटे सोलते. परवा वीस पौंड सोलले.”

आर्डिसने माझ्याकडे असं पाहिलं, जसं न जमलेल्या जेलीकडे पाहतात.

“मिसेस क्वामे, तुमचं हाड जिवंत आहे, रक्त पोचतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आठ आठवडे पाय टेकला नाहीत तर चीर भरेल. टेकलात तर मला परत उघडावं लागेल. आता खरा आकडा सांगा.”

तिने पर्सची कडी दोनदा लावली, दोनदा उघडली.

“सात,” ती म्हणाली. “पण व्हर्लिनला सांगू नका, तो घाबरेल.”

परतताना चाळीस मैल ती खिडकीबाहेरची बीटची शेतं बघत होती. मी मनातल्या मनात क्षमेची वाक्यं जुळवत होते. गावाची पाण्याची टाकी दिसू लागली तेव्हा म्हणाली, “लेफ्सा डोलोरिसला लाटू दे. मी बसून उलटवेन.”

“बसून म्हणजे खुर्चीत ना? पोत्यावर नाही?”

“तू फार बोलायला लागलीस, मार्डेल,” ती म्हणाली, आणि हसताना कंबर धरली. मग, कोणी न विचारता, म्हणाली, “आता आठ.”

दुखण्यावरच्या गोळ्यांची चिठ्ठी जूनपासून तिच्या पर्समध्ये घडी घालून तशीच होती. डॉक्टरांनी आज नवी लिहून दिली. औषधाचं दुकान पाचला बंद होतं, म्हणून घराआधी तिथे जायचं ठरलं.