नऊला फार, बाविसाला नाही

नाव: श्रीमती शर्मिला शिरीष टिपणीस. वय: पंचावन्न. वास्तव्य: लायडस्खेनडाम-फोरबर्ग, डच नगरपालिका हद्द. दर्जा: अवलंबित जोडीदार. ज्यावर अवलंबून ती व्यक्ती: मार्च २०२० पासून पुण्यात, विमानाअभावी. ओळखीची खूण: उजव्या मनगटात जुन्या फ्रॅक्चरची धातूची पट्टी. पिस्तूल शिकण्याचा हेतू: गृहसंरक्षण.

नेमबाजी क्लबाच्या अर्जावरचा शेवटचा रकाना दिलीपने तिथल्या तिथे खोडला.

दिलीप हा सुरिनामी हिंदुस्थानी, ट्रॅम चालवून निवृत्त झालेला, क्लबात नवशिक्यांना शिकवी. त्याच्या पणजोबांनी बोटीतून नेलेली हिंदी शर्मिलाबाईंना बारा आणे समजे. त्याने सांगितलं, या देशात घर राखायला पिस्तूल मिळत नाही. खेळायला मिळतं, तेही वर्षभर सभासद राहिल्यावर. पुढे घरी नेलं, तरी ते तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कुलपात.

"आणि चोर आला तर?"

"तर दीदी, त्याला बसायला सांगा. चहा टाका. तोवर दोन्ही किल्ल्या सापडतील."

बाईंना हसू आलं नाही. मागच्या गल्लीत पंधरवड्यात दोन घरं फुटली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पिस्तूल घरी नसलं तरी आपल्याला ते चालवता येतं, एवढं ठाऊक झालं तरी झोप लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. अडचण एकच होती. टोस्टरमधून पाव उडाला तरी त्या दोन पावलं मागे सरत.

त्यांनी सर्वांत लहान पिस्तूल निवडलं, कारण ते पर्समध्ये मावेलसं दिसत होतं. दिलीप म्हणाला, नऊ मिलिमीटरची गोळी आणि एवढंसं अंग, मग धक्का पचवणार कोण? तुमचं मनगट. बाईंनी ऐकलं नाही. गोळी कुठे गेली ते कळलं नाही, मनगटातली पट्टी कुठे आहे ते मात्र नीट कळलं. मग त्याच गोळीचं जड, पोलादी पिस्तूल झालं. धक्का निम्म्यावर आला, पण दहा मिनिटांत हात लोंबू लागला. शेवटी दिलीपने पॉइंट बावीसचं, लांब नळीचं पुढे केलं. टुक. बाईंनी एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं."

हे सगळं दीड मीटर अंतरावरून. सरकारी नियमामुळे हात धरून शिकवता येईना, म्हणून दिलीप झाडूच्या काठीने त्यांचं कोपर वर उचली आणि प्रत्येक गोळीनंतर विचारी, तेरुखस्लाख किती? म्हणजे उलटा धक्का किती. दुसऱ्या प्रयत्नात डच भाषेची परीक्षा पास झालेल्या बाईंनी हा शब्द नव्या साडीसारखा जपून घरी नेला आणि नेसायचा प्रसंग येण्याची वाट पाहू लागल्या.

तो बुधवारी, तेवीस सप्टेंबरला आला. फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून मदतनीस मुलीचा फोन होता. एप्रिलमध्ये कोरोना होऊन गेलेल्या आणि एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस चालली होती. तुम्हाला नंतर काही तेरुखस्लाख?

दवाखान्यापर्यंत बातमी पोचल्याचं बाईंना नवल वाटलं, बरंही वाटलं.

"हो तर. नऊला फार. हात थरथरले, डोळे मिटले. बाविसाला जवळजवळ नाहीच."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. दुखणं उलटण्यालाही डचमध्ये हाच शब्द आहे, हे परीक्षेत आलं नव्हतं. मुलीने तारखा लिहून घेतल्या आणि हळुवारपणे विचारलं, नऊला सोबत कोणी होतं का?

"दिलीप होता ना. पण लांब उभा, काठी घेऊन."

टाइप करण्याचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून परिचारिका आली. योलांडा, सहा फूट, मास्क, हातमोजे. तिने ताप पाहिला, ऑक्सिजन पाहिला आणि मग काठीवाल्या दिलीपबद्दल चौकशी केली. खुलाशाला दोन कप चहा आणि भोकं पडलेला निशाण्याचा कागद लागला. कागद पाहून योलांडा इतकी हसली की मास्क नाकाखाली आला. मग तिने विचारलं, पण मुळात पिस्तूल कशाला?

बाईंनी सांगितलं. चोर, मागची गल्ली, झोप. सांगताना त्यांचा आवाज जरा कापला, आणि तो कंप ना नऊचा होता ना बाविसाचा. योलांडा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बागेकडचं दार एका बोटाने ढकललं. ते उघडलं.

"हे तर लागतच नाही."

ते फेब्रुवारीपासून लागत नव्हतं. शिरीष पुण्याहून आल्यावर बघणार होता. योलांडाने सायकलच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूंची डबी आणली. दहा मिनिटांनी तिने कडी लावून, दार हलवून दाखवलं.

त्या दिवशी शर्मिलाबाई साडेनऊला झोपल्या. क्लबात त्या अजून जातात. हेतूच्या रकान्यात आता 'खेळ' असं आहे.

दार लागत नव्हतं, कारण बिजागरीत चार स्क्रू कमी होते.