मशालवाल्याचं दार

वैजयंती तशी गरीब स्वभावाची, पण तिला खोटं पाडलं की संपलं. लहानपणी माहेरी, वेंगुर्ल्याला, शेजारच्या तात्यांनी तिच्यावर फणस पळवल्याचा आळ घेतला होता. तर ही बया खरा चोर सापडेपर्यंत रोज त्यांच्या पायरीवर जाऊन बसायची. शेवटी तात्याच कंटाळले. तेव्हा नेरूळच्या गेमवाल्यांनी तिला ‘वहिनी, तुम्हाला स्वप्न पडलं असेल’ असं म्हणायला नको होतं. पण म्हणाले, आणि वर हसले.

गेमवाले म्हणजे कोण, ते आधी सांगतो. साल सत्त्याण्णव. ज्याच्या त्याच्या घरी कॉम्प्युटर येऊ लागला होता, पोरं सीडीवरचे नवे गेम मागत होती, आणि टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम लोक माळ्यावर फेकत होते, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. हे आमचे वेडे तेच गोळा करत फिरायचे. दर रविवारी सकाळी हौसेरावांच्या हॉलमध्ये त्यांचं मंडळ भरायचं. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यात फोरमन, आवाज पहिल्या मजल्यावरून रस्त्यावर ऐकू जाणारा. दुसरा धनेश, नेरूळजवळच्याच शिरवणे गावातला, केबलचं काम करणारा तरुण. तिसरी वैजयंती, शिरवण्याच्या बाजूला एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत टायपिस्ट. चौथा तिचा नवरा अरविंद. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो कॅसेटींची पिशवी धरायला यायचा आणि पोह्यांसाठी थांबायचा.

मंडळाचे कायदे मात्र कडक. कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही, हा पहिला. खाडीच्या खाऱ्या हवेने पिना आधीच हिरव्या पडलेल्या, त्यात माणसाची थुंकी कशाला? पिना खोडरबराने घासायच्या. दुसरा कायदा नावांचा. त्या कॅसेटींवर चिनी नाहीतर जपानी अक्षरं, चित्र एकाचं तर आत गेम भलताच. मग खरं नाव कुणाला ठाऊक? मंडळ ठरवेल ते नाव. बेडूकवाला, विमानवाला, मशालवाला. आणि तिसरा कायदा साक्षीचा. कुणी म्हणालं, मी अमुक गेम शेवटपर्यंत नेला, तर दोन सभासदांनी तो डोळ्यांनी बघायला हवा. घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत.

एका रविवारी वाद निघाला मशालवाल्यावरून. एक माणूस हातात मशाल घेऊन भुयारातून पळतो, वटवाघळं चुकवतो, शेवटी एका राक्षसाला हरवतो. मग येते एक काळीकुट्ट खोली. मशाल हळूहळू विझते आणि खेळ पुन्हा पहिल्या भुयारापासून सुरू.

“ह्या गेमला शेवटच नाही,” हौसेराव म्हणाले. “बनवणाऱ्यांनीच अर्धा सोडलाय.”

“आहे की,” वैजयंती सहज म्हणाली. “त्या काळ्या खोलीत दार आहे. दारात वरचं बटण दाबलं की माणूस आत जातो. आत चूल आहे, चुलीवर भांडं. तो मशाल चुलीत घालतो, चूल पेटते. खिडकीत एक मांजर बसलेलं असतं, ते मान वळवून बघतं. बास. मग ती जपानी अक्षरं.”

आणि मग हौसेराव जे हसत सुटले! “अहो वहिनी, गेममध्येसुद्धा तुम्हाला स्वयंपाकघरच दिसलं होय!” धनेश सोफ्यावर आडवा झाला. “वहिनी, स्वप्न पडलं असेल हो. मी ती खोली वीस वेळा बघितलीय. दार-बिर काय नाय तिथं.”

वैजयंतीचा चेहरा लाल झाला. तिने ते दार बघितलं ती गोष्ट एक्क्याण्णव सालची. पाय मोडून ती प्लास्टरमध्ये घरी पडून होती. भाचा विसरून गेलेला गेम टीव्हीला जोडून दुपारभर खेळत बसायची, आणि टायपिंगची बोटं, काय विचारता! तिथूनच तर हे वेड लागलं. गेम संपला त्या संध्याकाळी अरविंद ऑफिसातून आल्या आल्या तिने त्याला सगळं सांगितलं होतं, चूल, मांजर, सगळं. तो पेपर वाचत होता.

“ह्यांना विचारा,” ती म्हणाली. “अहो, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं?”

अरविंदने पोह्यांचा घास गिळला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तोही हसला. “असेल बुवा. मला काय आठवत नाही. जाऊ दे ना वैजू, गेमच तर आहे.”

परक्यांचं हसणं तिने पचवलं असतं. हे मात्र काळजात रुतलं. तिने पिशवी उचलली आणि चहा न घेता घरी गेली.

पुढच्या रविवारी ती हजर. “बसा,” म्हणाली, “दाखवते.” तासभर खेळली, एकही चूक नाही. राक्षस हरला, काळी खोली आली, आणि खोली काळीच. हौसेरावांचा मोठा रंगीत टीव्ही, काच कशी लख्ख, पण दाराचा पत्ता नाही. मशाल विझेपर्यंत ती इकडून तिकडे पळत वरचं बटण दाबत राहिली. विझली. पुन्हा पहिलं भुयार.

“राहू द्या वहिनी,” हौसेराव मायेने म्हणाले. त्या मायेनेच तिचं डोकं फिरलं.

घरी येऊन आपल्या रंगीत टीव्हीवर पाहिलं. तिथेही तेच. रिमोटने उजेड वाढवला, तर सगळा पडदा दुधाळ झाला, दार काही वेगळं निघेना. मग मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. खरंच स्वप्न होतं की काय? प्लास्टर, औषधं, दुपारची गुंगी... पण ते मांजर? मांजराने मान वळवली तेव्हा ती मोठ्याने हसली होती आणि पाय ठणकला होता. स्वप्नात पाय ठणकतो होय!

“कॅसेट तीच,” ती भांडी घासता घासता स्वतःशीच बोलत होती. “मशीन तेच. बोटं तीच. मग बदललं काय?”

“टीव्ही,” अरविंद पेपरातून म्हणाला. त्याने ते उगाच म्हटलं होतं, नवीन टीव्हीची जाहिरात वाचत. पण वैजयंतीच्या हातातली कढई तशीच राहिली.

अगं बाई, खरंच की! त्यांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही! नळी म्हातारी झालेली, बटण शेवटपर्यंत पिळलं तरच चित्र दिसायचं, आणि तेही सगळं राखाडी. रात्रीचा सीन असो की दिवसाचा, काळं असं काही नव्हतंच त्याच्यात. ती खोलीसुद्धा राखाडी होती, आणि दार तिच्यापेक्षा जरासं गडद. म्हणूनच दिसलं. लख्ख रंगीत टीव्हीत काळ्यात काळं बुडून गेलं. मंडळाने सगळं जपलं होतं, मशिनं, कॅसेटी, तुटक्या वायरीसुद्धा. टीव्ही मात्र झाडून सगळ्यांनी बदलून टाकले. जुना द्या, नवा न्या! त्यांचा स्वतःचा टीव्ही तर अरविंदनेच दोन वर्षांपूर्वी एक्स्चेंजमध्ये दिला होता, आणि वर पेढे वाटले होते.

मग सुरू झाली शोधाशोध. वाशीची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचा, “ताई, लोक असले टीव्ही द्यायला येतात, मागायला कोणी येत नाही.” नावड्याला मावसबहीण होती, तिच्याकडे असल्याचं आठवत होतं. तिथवर गेली, तर त्याच्या खोक्यात मावसबहिणीने कोंबडी बसवलेली. दादरला दीर, ठाण्याला नणंद, सगळीकडे नन्नाचा पाढा. अरविंद म्हणाला, “अगं, पण एवढं कशासाठी? कोण काय बक्षीस देणार आहे?” ती म्हणाली, “मी खोटं बोलले नाही, एवढंच मला हवंय.” दुसऱ्या दिवशी अरविंद ऑफिसातल्या चार जणांना टीव्हीचं विचारून आला.

शेवटी काखेत कळसा म्हणतात तसं झालं. दर बुधवारी दारावर मासळी घेऊन यायची ती शिरवण्याची गंगू. बोंबील निवडता निवडता वैजयंतीने तिलाही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं विचारलं.

“कालाधवला? आमचे घरान हाय ना, बाय!” गंगू म्हणाली. “पोरांनी नवा घेतलाय, पन तो वर माडीवर. खाली माजा जुनाच. बटन असं पार पिलायला लागतं, तवा दिसतं.”

वैजयंतीने बोंबलाची टोपलीच तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवली. “गंगू, या रविवारी तुझ्या ओटीवर चार माणसं बसतील?”

“चार कशाला, चालीस बसव.”

अरविंद म्हणाला, “आधी एकदा तू एकटी जाऊन बघून तर ये. दार नाहीच निघालं तर पुन्हा हसं होईल.”

“नाही,” वैजयंती म्हणाली. “आधी जाऊन आले तर म्हणतील, काहीतरी कारागिरी करून ठेवली. निघेल तर सगळ्यांसमोर निघेल, नाही निघालं तर मंडळ सोडीन.”

तर त्या रविवारी मंडळ शिरवण्याला गंगूच्या ओटीवर. बाहेर अंगणात जवळा वाळत घातलेला. हौसेराव नाकाला रुमाल लावून आले आणि चहाबरोबर गंगूने तळलेली मांदेली समोर ठेवल्यावर रुमाल खिशात गेला. धनेशने टीव्हीच्या मागे वाकून वायर बसवली, खटके फिरवून चॅनेल लावला. पडद्यावर राखाडी मशालवाला उगवला. हौसेराव म्हणाले, “वहिनी, डोळे फुटतील हो यात.”

“तुमचे फुटू देत,” वैजयंती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

ती खेळली ती अशी, की गंगूसुद्धा मासे विकायला जायचं विसरली. पहिलं भुयार, दुसरं, पाण्याचं भुयार. वटवाघळं आली की गंगू ओरडायची, “मार मेल्याला!” मधे एकदा मशालवाला कड्यावरून जवळजवळ घसरलाच, तेव्हा अरविंदने डोळे मिटून घेतले. आजवर ह्या गेमकडे त्याने कधी धड बघितलंही नव्हतं. राक्षस आला. तिची बोटं टाइपरायटरवर पळावी तशी पळत होती. राक्षस कोसळला.

खोली आली. काळी नाही, राखाडी. आणि उजव्या कोपऱ्यात, जरासं गडद, उभं, चौकोनी.

“आयला!” हौसेराव गुडघ्यांवर पुढे सरकले. “दार हाय की ओ!”

धनेश पडद्याला नाक लावून बघत होता. वैजयंतीने मशालवाल्याला बरोबर दारात नेऊन उभं केलं आणि थांबायचं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी गोठलं. मग ती मागे वळली.

“धनेश, तू मागे म्हणालास, विमानवाल्यात शेवटी सगळी विमानं संपतात आणि आभाळ रिकामं होतं. तेव्हा तुझ्या साक्षीला कोण होतं?”

धनेश चपापला. “कोणी नाय, वहिनी. घरी एकटाच होतो.”

“मग मंडळ काय म्हणालं होतं?”

हौसेराव रुमालाने हात पुसू लागले.

“मंडळ म्हणालं, धनेश कशाला खोटं बोलेल? मीसुद्धा म्हणाले. आणि माझ्या वेळी कायदा आठवला, स्वयंपाकघर आठवलं, स्वप्न आठवलं.” तिने एकेकाकडे बघितलं, अरविंदकडे जरा जास्त वेळ. “दार तुम्हाला दिसलं. आत काय आहे, ते माझं कधीच सांगून झालंय. घ्यायचा तर माझा शब्द घ्या. नसेल घ्यायचा तर राहू दे.”

आणि तिने मशीनचं बटण बंद केलं. पडद्यावर मुंग्या धावू लागल्या.

“अहो वहिनी!” हौसेराव किंचाळलेच. “अहो, दाराशी आणून हे काय केलंत!” धनेशने डोकं धरलं. वैजयंती शांतपणे वायर गुंडाळू लागली.

गंगूला राहवेना. ती अरविंदकडे वळली. “अवो, तुमी तरी सांगा. आत काय हाय?”

अरविंदने घसा साफ केला.

“आत चूल आहे,” तो म्हणाला. “चुलीवर भांडं. तो माणूस हातातली मशाल चुलीत घालतो, मग चूल पेटते. खिडकीत एक मांजर बसलंय. ते मान वळवून बघतं.”

“घरच्या माणसाची साक्ष...” हौसेराव सवयीने बोलून गेले आणि मध्येच थांबले.

गंगू डोळे मोठे करून अरविंदकडे बघत होती. “तुमी बगितला काय?”

“नाही,” अरविंद म्हणाला. “हिने बघितलंय.”