भित्र्या जयवंताचं गाऱ्हाणं

आमच्या भटवाडीत जयवंत चिंदरकरइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. पाल दिसली की हा खाटेवर. मयतीला गेला तर सगळ्यांच्या मागे, जिथून तिरडी दिसणार नाही. असा माणूस अ‍ॅम्ब्युलन्सवर कामाला लागला म्हटल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पण ब्याऐंशीच्या संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि साचेखात्यात मागावर उमर घालवलेल्या माणसाला घाटकोपरात दुसरं काय मिळणार होतं? एका ट्रस्टने नवी गाडी घेतली होती. पेशंटसोबत मागे बसायला माणसं शिकवून तयार करायची होती. नलिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

शिकवायला सुलक्षणा सिस्टर होत्या. वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, जिभेला धार. पट्टी बांधणं, मोडक्या हाडाला फळी लावणं, स्ट्रेचर अरुंद जिन्यातून उतरवणं, हे सगळं जयवंतला हळूहळू जमलं. घोडं अडलं ते फुग्यापाशी. पेशंटची नाडी चालू आहे पण श्वास थांबलाय, तर तोंडानाकावर मास्क दाबून धरायचा आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबत राहायचं. मनात सावकाश पाच अंक मोजायचे, मग एकदा दाबायचं. एवढंच. पण भ्यालेल्या माणसाचे पाच अंक किती लवकर संपतात! जयवंत समोरच्या रबरी बाहुल्यालाही घाबरायचा आणि धडाधड फुगा दाबत सुटायचा.

"अरे, श्वास द्यायचाय, स्टोव्हला पंप नाही मारायचा!" सिस्टर ओरडायच्या. "हवा पोटात गेली तर पेशंट ओकेल, ओकारी छातीत जाईल, आणि तुझ्या हातून मरेल तो!"

हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून त्याची झोपच उडाली. जेवताना घास तोंडाशी धरून तो पुटपुटायचा, "माझ्या हातून मरतलो कोणतरी." शेवटी एका सोमवारी त्याने ठरवलं, संध्याकाळी सिस्टरना सांगायचं आणि काम सोडायचं. नलिनी रडली, पण तिलाही त्याची दया आली होती.

त्याच दुपारी बोलावणं आलं, ते नेमकं आमच्या चाळीतून. मालनवहिनींची प्रेमा, पंधरा-सोळा वर्षांची पोर, लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत घालत होती. तारेत कुठूनतरी करंट उतरलेला. कोणीतरी मेन स्विच काढला तेव्हा पोर खाली पडली होती, ओठ काळेनिळे. सिस्टर दुसऱ्या गाडीबरोबर गेलेल्या. गाडी घेऊन आला ड्रायव्हर खंडू, आणि मागे एकटा आमचा जयवंत.

त्याने प्रेमाच्या गळ्याला बोट लावलं. नाडी लागत होती. छाती हलत नव्हती. त्याचा चेहरा पोरीपेक्षा पांढरा झालेला आम्ही पाहिला, आणि खरं सांगतो, आमचीच पाचावर धारण बसली. पोर आता गेली, असंच सगळ्यांना वाटलं.

स्ट्रेचर आत गेलं, मालनवहिनी आत चढल्या, गाडी सुटली. पुढचं आम्हाला वहिनींनीच सांगितलं. जयवंतने मास्क लावला आणि मोजायला लागला, "एक दोन तीन चार पाच, एक दोन..." फुगा नुसता फडफडायला लागला. त्याचं त्यालाच कळत होतं. थांबवता येत नव्हतं. मग आकडेच विसरला. घशातून भलतंच निघालं, कोकणात गावच्या देवळात घालतात ते गाऱ्हाणं, ज्यात एकाच्या प्रत्येक ओळीला बाकीचे साद देतात.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनींच्या तोंडून सवयीने साद गेली, आणि त्या सादेवर जयवंतचा हात दाबला गेला. एकदाच. पोरीची छाती वर आली.

"ह्या लेकरू तुझ्या पायाकडे घातलंय!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं काही घाईने घालता येत नाही. ते आपल्या चालीनेच चालतं. तो एक ओळ म्हणे, वहिनी साद देत, फुगा दाबला जाई.

"माका कायएक येत नाय, माझे हात कापतत!"

"व्हय म्हाराजा!" पोटची पोर ज्याच्या हातात, त्याच्या अशा कबुलीवरही त्या माउलीने साद दिली.

"मी आज ह्या काम सोडूक निघालेलंय!"

"व्हय म्हाराजा!"

"हिचो श्वास परत दी, मी ह्या काम कधी सोडूचंय नाय!"

"व्हय म्हाराजा!"

इस्पितळाच्या फाटकाशी प्रेमाने स्वतःहून एक श्वास घेतला. मग दुसरा. डॉक्टरांनी स्ट्रेचर आत ओढून नेलं आणि जयवंत गाडीतच बसून हुंदके देऊन रडला.

पोर वाचली, हाताला भाजल्याची खूण तेवढी राहिली. जयवंतला खांद्यावर घ्यायचंच काय ते आम्ही बाकी ठेवलं. पण भीती कुठे जाते? आठवडाभराने तो पुन्हा काम सोडायला निघाला. मालनवहिनी त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"नवस तू माझ्या पोरीच्या जिवावर बोललंस, जयवंता. सोडलंस तर देव तुका नाय धरूचो, तिका धरतलो."

झालं. तो गाडीवर जातच राहिला. शिक्षण पुरं केलं, सिस्टरांच्या परीक्षेत पास झाला, आणि रोज सकाळी भीतभीतच निघायचा.

एकोणनव्वदमध्ये प्रेमाचं लग्न झालं. जेवणाच्या पंगतीत जयवंतने वहिनींना गाठलं आणि अर्धवट हसत विचारलं, "वैनी, पोर नांदूक चालली. आता तरी सुटलंय मां मी?"

आम्हाला वाटलं, वहिनी हसून सोडून देतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मी सुटलंय काय रे?" त्या म्हणाल्या. "काल राती पण उठान तिच्या नाकाकडे बोट धरून बघितलंय. उद्यापासून ता सुद्धा करूक मिळूचा नाय."

जयवंतने पुन्हा कधी विचारलं नाही.