पोरीच्या नजरेनं बोलणारी मशीन

माझ्या थोरल्या पोरीला जन्मापासून हातपाय हलवता येत नाहीत, बोलता येत नाही. बायको होती तोवर तिला पोरीचं सगळं कळायचं. बायको गेली आणि भरवायचं काम माझ्याकडं आलं. दोन घास झाले की पोर तोंड फिरवायची, डोळ्याला धार लागायची. मला वाटायचं, आईची आठवण येते. मग मीबी ताट सारून तिच्यासंगं रडायचो. सहा महिन्यांत पोर वाळून काटकी झाली. हीबी जाते की काय, असा धसकाच घेतला मी.

मग परभणीहून अपंगांच्या शाळेतल्या बाई आल्या आणि तिच्या खुर्चीला एक मशीन बसवली. पडद्यावर चित्रं असतात. पोर ज्या चित्राकडं टक लावून बघेल, तो शब्द मशीन मोठ्यानं बोलते.

त्या दुपारी मी येसराच्या झणझणीत आमटीत भाकर कुस्करून भरवायला बसलो. पोरीनं तोंड फिरवलं.

"रडू नको माय, मलाबी तिची लय आठवण येते," मी म्हणालो.

पोरीनं मिरचीच्या चित्रावर डोळे रोखले.

"तिखट," मशीन बोलली. पुन्हा, "तिखट."

बाईंना हसू आवरेना. "काका, सहा महिने लेकराला मिरची चारायलात की तुमी!"

बायको तिच्यासाठी वेगळं बिनमिरचीचं वरण करायची, हे मला ठाऊकच नव्हतं. चुलीपुढं कधी बसलो असेन तर ना.

मी लगेच मुगाचं वरण लावलं आणि चमचाभर चाखवलं.

"मीठ," मशीन बोलली.

मी चिमूटभर टाकलं. पोरीनं वाटी संपवली आणि "अजून" मागितलं. आता रोज ती सांगते, मी रांधतो.