हात धुण्याचं प्रात्यक्षिक

माझे हात माझ्याच वर्गातल्या मुलीने धुतले. भर चाळीत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते.

इंदूरच्या एका बंद पडलेल्या मिलमागे आमची चाळ. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत कॉलेजने सतरंजी अंथरली होती. मागे कापडी फलक. त्यावर संस्थेचं नाव मोठं आणि एका साबण कंपनीचं त्याहून मोठं. माझ्या वर्गातली मुलंमुली एकसारख्या पांढऱ्या टी-शर्टात. मीही त्याच टी-शर्टात. सतरंजीवर मात्र चारपाच म्हाताऱ्या आणि त्यांची नातवंडं, बस.

कारण नळाची वेळ होती. मिलचा भोंगा बंद झाल्यापासून आमच्या चाळीचं घड्याळ म्हणजे नळ. सकाळी तेवढं पाणी यायचं. त्या वेळेला घरात लग्न असलं तरी बाई नळावरच असणार. हे मी आधी सांगितलं होतं. समाजसंपर्काचं काम बघणाऱ्या आमच्या मॅडमना दोनदा सांगितलं होतं. कॉलेजची बस त्याच वेळेला मोकळी असते, असं त्या म्हणाल्या. विषय संपला.

मॅडमनी फोटोवाल्याकडे बघितलं. मग रिकाम्या सतरंजीकडे. मग माझ्याकडे.

"तुम तो यहीं की हो ना? बैठ जाओ इनके साथ. फोटो में पब्लिक कम लग रही है."

मी बसले. टी-शर्ट दिसू नये म्हणून मॅडमनी शेजारच्या काकूंची शाल मागून घेतली आणि माझ्या खांद्यावर टाकली. समोर माझी वर्गमैत्रीण उभी. रोज कँटीनमध्ये आम्ही एका प्लेटमधले पोहे खायचो. तिने हातात साबणाची वडी धरली आणि म्हणाली, "सबसे पहले हाथ गीले करना है, आंटी लोग." त्या आंटी लोगांत मीही होते. मग तिने माझेच हात पुढे घेतले.

पाणी हवं होतं. आमच्या दारात भरलेली बादली होती, ती वर्गातल्या एकाने उचलून आणली. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटले, म्हणून पुन्हा फेस, पुन्हा पाणी. मग म्हाताऱ्यांचे हात, मग पोरांचे. बादली रिकामी झाली. आई नळावरून कमरेवर पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन आली आणि दूर उभी राहून बघत राहिली. बादली पुन्हा भरायला वळली तोवर नळ गेला होता.

संध्याकाळी आई फक्त एवढं म्हणाली, "त्या बादलीत आजचा सैपाक होता, बाई."

त्या सकाळी मला राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हाताला साबणाचा वास येत होता, तो मात्र आठवतो. मी शाल घडी करून काकूंना परत केली आणि बसमध्ये बसून कॉलेजला गेले. दुपारी मार्केटिंगचा तास होता.

मॅडमबद्दल सांगायला हवं. त्या मराठी, आम्हीही मराठी. इंदुरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की आडनाव विचारतो, मग मूळ गाव. पहिल्या वर्षी त्यांनी मला मोठ्या आपुलकीने विचारलं होतं. "अगं, मराठी का तू? अरे वा. मूळचे कुठले तुम्ही?" त्यांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, हे त्यांनी लगोलग सांगितलं. मी म्हटलं, माझे पणजोबा महूला पलटणीत होते. "महू," त्या म्हणाल्या. "अच्छा." त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. वर्गातल्या बाकीच्या मराठी मुलींशी मराठीत, माझ्याशी हिंदीत. इतकं साफ की मला वाटायचं, त्यांच्या स्वतःच्याही हे लक्षात आलं नसेल.

पणजोबा पलटणीत, आजोबा मिलमध्ये. आजोबांना विणकाम खात्यात घेतलं नाही. मागावरच्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि आमच्या तोंडाला लागलेलं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. म्हणून आजोबा जन्मभर सूतखात्यात, आणि त्यांच्यामागे बाबाही तिथेच. बाबा हे हसत सांगायचे. लहानपणी मला ती गंमतच वाटायची.

पुढे कॉलेजचा वार्षिक समारंभ आला. साबण कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसणार होते. दुसऱ्या दिवशी तेच आमच्या मुलाखती घेणार होते. कुणाला मुलाखतीला बसवायचं ते मॅडम ठरवायच्या. बाबांची मिल बंद, धाकटी दोघं शाळेत. घरात सगळ्यांचे डोळे माझ्या नोकरीकडे लागलेले. आई तर शेजारणींना सांगून मोकळी झाली होती की पोरगी साहेबीण होणार.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि चक्क मराठीत बोलल्या. खुर्चीही दिली. त्यांना आमच्या संस्थेचं यश दाखवायचं होतं. मजुराची मुलगी, आमच्याकडे आली आणि बघा काय झाली, असं काहीतरी.

"तुझ्या बाबांना मिलचा ड्रेस घालून आण ना. छान दिसेल ते. आणि तू स्टेजवर त्यांच्याच जवळ उभी राहा, आमच्या ग्रुपमध्ये नको. तुझंच भलं आहे यात."

मी हो म्हणाले. मला तेव्हा होच म्हणता यायचं.

घरी सांगितलं. बाबा लगेच उठले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि खाकी शर्ट काढला. मिलचं फाटक बंद झालं त्या दिवसापासून तो त्यांनी घातला नव्हता. आईने सुईदोरा घेऊन कॉलर शिवून दिली. बाबांनी शर्ट अंगात घातला. तो ढगळ झाला होता, खांदे खाली आले होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "घालून घेतो ना. तुझं काम बनत असेल तर काय जातंय आपलं?"

तेव्हा मला राग आला. बादलीच्या दिवशी यायला हवा होता, तो इतक्या दिवसांनी आला. आजोबांचं तोंड. माझे हात. आता बाबांचा शर्ट. दर पिढीला यांना बोट दाखवायला आमचं काहीतरी लागतं, आणि दर वेळी आम्हीच ते काढून देतो, वर शिवूनही देतो.

"बाबा, काढा तो," मी म्हटलं. "तो तुम्ही कामाला जायला घालत होता."

"आणि नोकरी?" बाबांनी विचारलं.

मी पुढे होऊन त्यांच्या कॉलरचं बटण सोडलं. मग खालची एकेक बटणं सोडून बाबांनी शर्ट काढला, त्याची घडी केली आणि तो ट्रंकेत ठेवला.

समारंभाला त्यांनी पांढरा शर्ट घातला. चौदा एप्रिलला घालतात तो. आम्ही तिघं विद्यार्थ्यांच्या रांगेत बसलो. मी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. स्टेजवर तो फोटो मोठा करून लावला होता. माझे फेसाळलेले हात, खांद्यावर काकूंची शाल. खाली हिंदीत लिहिलं होतं, लाभार्थी महिला.

मॅडमनी माइकवर माझं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मी उठले नाही. पुन्हा पुकारलं. लोक माना वळवून बघू लागले. माझी वर्गमैत्रीण मागून वाकून कुजबुजली, "चल ना यार, सब देख रहे हैं." मी समोर बघत राहिले. मग मॅडम स्वतः खाली आल्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, आवाज मात्र खाली.

"ऊठ. सगळ्यांसमोर माझी शोभा करू नकोस."

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही बस म्हणालात, मी बसले. आज मी उठत नाही."

आवाज चढवला नव्हता, तरी पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. बाबांचे हात गुडघ्यांवर होते, ते तिथेच राहिले. आईने पदर सारखा केला आणि पाठ टेकून बसली. आम्हा तिघांतलं कुणीच उठलं नाही. मॅडम वर गेल्या आणि त्यांनी पुढचा कार्यक्रम जाहीर केला. एका मुलीने शास्त्रीय नृत्य केलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. हे होणार हे माहीत होतं, तरी मी ती यादी खालपर्यंत वाचली. पास झाले, पण कॉलेजमधून नोकरी लागली नाही. पुढे एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात लागले. ट्रक, माल, फोन, ड्रायव्हरांच्या शिव्या. मी जितकी शिकले होते त्याहून खालचं काम होतं आणि ते मी वर्षानुवर्षं केलं. याची गोडवे गाणारी कहाणी होत नाही. धाकटी दोघं शिकली. आईबाबा आता नाहीत.

मागच्या वर्षी संस्थेतून फोन आला. माजी विद्यार्थ्यांच्या यशाची भिंत करतायत, तुमचा फोटो द्या. मी गेले. तो जुना फोटो अजून तिथेच, ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात. रंग उडालाय. खाली तेच, लाभार्थी महिला.

नव्या मॅडम तरुण आहेत, नम्र आहेत. ऐतिहासिक फोटो आहे, काढता येणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मग काढू नका. खालचं बदला. माझं नाव लिहा, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी लिहा. शेजारी माझ्या आईचं नाव लिहा, कारण बादली तिची होती. आणि हेही लिहा की त्या दिवशी तिच्या घरी सैपाकाला पाणी राहिलं नाही. त्या म्हणाल्या, वर विचारून सांगते.

अजून विचारतायत. म्हणून मी दर शनिवारी जाते. फोटोखाली एक बाक आहे, त्यावर बसते. येणारीजाणारी मुलं बघतात. कुणी थांबून विचारलं, आंटी, कुणाची वाट बघताय, तर मी फोटोकडे बोट करते आणि सगळं सांगते. नळाच्या वेळेपासून सुरू करते. चौकीदार दोनदा येऊन म्हणाला, मॅडमजी, यहाँ बैठना मना है.

मी त्याला सांगितलंय, वर कळव. खालची ओळ बदलेपर्यंत मी उठणार नाही.