अण्णांचा घाट आणि आमचं ग्राफिक्स

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत राव, ते माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साठतात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! परवा कॅन्टीनमध्ये एकानं सहज विचारलं, "गेममध्ये ग्राफिक्स फार खराब येतंय, काय करू?" झालं. जेवणाची सुट्टी संपली, माझे किस्से संपले नाहीत.

मी मूळचा बीडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि भोसरीत अण्णांचा भाडेकरू. अण्णा म्हणजे भोसरी गावठाणातला जुना माणूस. उभा जन्म ट्रेलर चालवला. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, "जड गाडी बंद!" अण्णा कसले ऐकतात? ट्रेलरच्या यार्डात त्यांचे जुने दोस्त. कुणीही हसत हसत किल्ली हातात ठेवली असती. त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या मनीषावहिनी, या एका भीतीनं अर्ध्या झाल्या होत्या.

शेवटी सलीमनं डोकं चालवलं. सलीम पूर्वी अण्णांच्याच ट्रेलरवर क्लीनर होता, आता गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं स्वतःचं दुकान आहे. तळेगावचा एक सायबर कॅफे बंद पडला होता, तिथला कॉम्प्युटर त्यानं उचलला. नवा मॉनिटर आणला, गेमचं स्टिअरिंग, गिअर आणि पेडल जोडले आणि ट्रक चालवायचा गेम टाकला. घरातल्या घरात ट्रक! पण चित्र इतकं धूसर, की रस्ता कुठला आणि गटार कुठलं, काही कळेना.

अण्णांनी दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला. "दसऱ्यापत्तुर ह्ये रस्त्यावानी दिसलं तर ठीक. न्हाईतर म्या चाललो यार्डात."

वहिनी आमच्या दोघांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमच्याच हातात आहे."

* * *

पहिल्या दिवशी आम्ही गेमच्या सगळ्या सेटिंग पालथ्या घातल्या. रिझोल्यूशन वाढवलं, 'ड्रायव्हर' म्हणतात ते सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. ("डायवर मी हाय की!" असं अण्णा मागून म्हणाले, ते वेगळं.) धूसर ते धूसरच. सलीम तर मॉनिटर परत करायला निघाला.

मी उचलायला हात लावला तर बोटाखाली चुरचुर आवाज आला. बघतो तर काय, स्क्रीनवरचा प्लास्टिकचा कागद तसाच!

मी तो ओढायला लागलो तर अण्णा केवढ्यानं ओरडले, "ये इन्स्पेक्टर! नवी वस्तू हाय, खराब हुईल!"

त्या घरात फ्रिजच्या हँडलवर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, सोफ्यावर प्लास्टिक. वहिनी म्हणाल्या, "माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या सोफ्याचं कापड मी अजून बघितलेलं नाही!"

बरीच घासाघीस करून अण्णांनी स्क्रीनपुरती परवानगी दिली. कडेची पट्टी मात्र ठेवायला लावली. ती आजही आहे.

* * *

कागद निघाला तसं चित्र जरा उजळलं, पण खेळायला लागलं की पुन्हा चौकोन चौकोन. सलीम म्हणाला, "कचरा असणार आत. कॅफेतला माल आहे. हवा मारू."

आता कॉम्प्युटर साफ करायला लोक ब्रश घेतात. सलीमनं दुकानातून कॉम्प्रेसर आणला! इंजिनवर हवा मारायचा तो. अंगणात कॉम्प्युटरचा डबा ठेवला, झाकण उघडलं आणि नळी सोडली. तळेगावची सगळी धूळ एका झटक्यात उठली आणि समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या राजूच्या युनिफॉर्मवर जाऊन बसली. राजू म्हणजे वहिनींचा नवरा. सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत, बनियनवर दारात उभा.

सलीमनं डब्यात वाकून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "वहिनी, एकदम शोरूम कंडिशन!"

"हो," वहिनी म्हणाल्या, "आता हे कंपनीत बनियनवरच पंच करतील!"

* * *

मग मी ठरवलं, हे आपल्या पद्धतीनं करायचं. आमच्या क्वालिटीत नियम आहे, दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतंच. मी खुर्ची ओढून अण्णांसमोर बसलो.

"अण्णा, चित्र खराब का आहे?"

"चौकोन दिसत्यात म्हणून."

"चौकोन का दिसतात?"

"मशिनीला जोर न्हाई म्हणून."

"जोर का नाही?"

"कायतरी जोडायचं राहिलंय म्हणून."

"का राहिलं?"

"जोडणाऱ्याचं ध्यान न्हवतं म्हणून." सलीमनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"आणि ध्यान का नव्हतं?"

"तुज्यासारखं कुनीतरी शेजारी बसून का-का करत आसंल!"

मी गप उठलो आणि कंपनीतल्या सवयीनं मॉनिटरला पिवळा 'होल्ड' टॅग लावला. निर्णय होईपर्यंत माल हलवायचा नाही, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी बघतो तर टॅग मॉनिटरवर नाही. वहिनींनी तो काढून खुंटीवरच्या अण्णांच्या ड्रायव्हरकीच्या खाकी शर्टाला लावला होता! अण्णा रोज तिकडे बघायचे, पण टॅग काही काढला नाही त्यांनी.

* * *

अण्णांचं तिसरं उत्तर मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कायतरी जोडायचं राहिलंय. पण सलीमसमोर वायरिंगचा विषय कोण काढणार? त्याचं ठरलेलं वाक्य, "मी आख्ख्या बसचं वायरिंग डोळे मिटून करतो!"

वहिनी डब्याच्या मागच्या बाजूनं फडकं मारत होत्या. म्हणाल्या, "सलीमभाऊ, या मॉनिटरच्या वायरीच्या जागेसारखीच अजून एक जागा खाली रिकामी आहे. ती कशाला ठेवलीय?"

सलीम वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

चांगलं दणकट ग्राफिक्स कार्ड आत बसलेलं, आणि यानं मॉनिटरची वायर वरच्या साध्या सॉकेटला खोचलेली! म्हणजे कार्ड नुसतं पगार खात बसलेलं. वायर खालच्या सॉकेटला लावली आणि काय सांगू, झाडाचं पान न् पान दिसायला लागलं. डांबर, पांढरे पट्टे, लांबवरचे डोंगर! वहिनींनी टाळ्याच वाजवल्या.

मी हळूच विचारलं, "सलीम, वायर लावताना डोळे मिटले होतेस का रे?"

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

* * *

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कसलं संपतंय! सलीमनं कुणा हौशी पोरानं बनवलेला, आपल्याकडच्या घाटासारखा घाट गेममध्ये टाकला होता. अण्णांनी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि गाडी थांबवली.

"ह्ये कुठलं?"

"घाट आहे अण्णा. आपलाच."

"आमचा घाट आसा नसतो. पावसाळ्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी नशीब म्हनायचं. हितं समदी दरी दिसतीया. दरी दिसली की डायवर दरी बघत बसतो!"

पुन्हा सगळी सेटिंग उघडली. बरं, अण्णांचं धुकंही साधंसुधं नाही. "जरा दाट कर. न्हाई, एवढं न्हाई, ह्ये पहाटंचं झालं. मला सकाळी न्याहारीच्या टायमाचं पायजे." धुकं घालवायला आम्ही जिवाचं रान केलं होतं, आणि आता मी मापानं धुकं ओतत होतो! मजा आली पण, खोटं कशाला बोलू. अण्णांना त्या धुक्यात पुढं वाकून, डोळे बारीक करून गाडी हाकताना बघितलं आणि बरं वाटलं जिवाला.

* * *

आणि खंडेनवमीला सगळं मुसळ केरात!

आपल्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा. कंपनीत प्रेसची, सलीमच्या दुकानात कॉम्प्रेसरची, तसं अण्णांनी कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार घातला. मग गेम लावला तर चित्र अडखळायला लागलं, चौकोन पुन्हा हजर, आणि स्क्रीन काळीठिक्कर!

अण्णा उठले, खुंटीपाशी गेले आणि खाकी शर्टाचा टॅग काढून खिडकीत ठेवला. उद्या दसरा. वहिनींचा चेहरा तर बघवत नव्हता.

मी सेटिंग बघतोय, सलीम वायरी बघतोय. तेवढ्यात वहिनींनी वास घेतला. "काहीतरी शिजतंय."

झेंडू शिजत होता! हार बरोबर डब्याच्या जाळीवर बसलेला, गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही. मी हाराला हात घातला तर अण्णा कडाडले, "पूजेचं उद्यापत्तुर उतरायचं न्हाई!"

सलीमनं कपाळाला हात लावला. वहिनी पुढं झाल्या, हाराला नमस्कार केला आणि तो सरळ मॉनिटरच्या कडेला नेऊन अडकवला. म्हणाल्या, "उतरवला नाही मामंजी, सरकवला!"

अण्णांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

* * *

दसऱ्याला दुपारी आम्ही सगळे तिथंच जेवलो. अण्णांचं जेवण आधी झालं, त्यांनी हात धुतले आणि खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात घातला. राजू ताटावरून अर्धा उठला. वहिनींनी त्याला डोळ्यानं बसवलं.

अण्णा दाराकडे गेले. तिथं चप्पल पायात सरकवली आणि तसेच परत येऊन कॉम्प्युटरसमोरच्या चाकाच्या खुर्चीत बसले.

गाडी घाटाला लागली. धुकं न्याहारीच्या टायमाचं. अण्णा प्रत्येक वळणाला हॉर्न देत होते, लोड गाडीसारखा गिअर टाकत होते, आणि आम्ही चौघं मागं उभे. अर्धा घाट चढल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला.

मग मागं न बघता म्हणाले, "सल्या, चढ हाय. मागच्या चाकाला दगड लाव."

सलीमनं माझ्याकडे बघितलं नाही की वहिनींकडे नाही. अंगणात गेला, तुळशीजवळचा एक दगड उचलून आणला, गुडघ्यावर बसला आणि खुर्चीच्या मागच्या चाकाला लावला.

"लावला, अण्णा."

"नीट बसला का?"

सलीमनं पायानं दाबून बघितला. "बसला."

"मग घंट्याभरानं उठीव," अण्णा म्हणाले, मान मागं टाकली आणि घोरायला लागले.